लाइट गेली तरी चाळीस ओळी

भूतबित मी कधीच मानलं नाई. अल्लीपूरच्या शाळेत भुताचा आवाज काढून पोरायले पळवणारा मीच होतो, मले कोण भेवाडणार... पण या भानगडीत फुकटची बोलणी मले बसली, म्हणून लिहून राह्यलो.

वर्ध्यात आमचं छोटंसं ऑफिस आहे. तिथं बत्तीस प्रोसेसरची एक मशीन. कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा — बत्तीसही जणायले काम वाटून देणारा मुकादम. त्याच्यावर दोन दिवस एकसारखा लोड टाकायचा अन् तो मध्येच आडवा होते का ते पाह्यचं, हे माझं काम. किती प्रोसेसर कामावर आहेत, याची मशीन दर मिनिटाले एक ओळ पाठवते, ती केबलनं जोडलेल्या लॅपटॉपवर जमा होते. टेस्ट पास झाली की नोकरी पक्की, असं सर बोलले होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी एक दहाले लाइट गेली. आमचा इन्व्हर्टर फक्त पंख्यापुरता. बाजूच्या टेबलावरच्या रूपाताईनं मशीनले हात लावून पाह्यला. "गेली रे बापा तुही टेस्ट."

डबे घेऊन आम्ही खाली लिंबाखाली बसलो. मी दुःखात सरायची नक्कल सुरू केली — "हे पहा, मी तुझ्या भल्याचंच सांगतो, अं..." — अन् सर मागं उभे. म्हणजे मी कुठं होतो ते खुद्द सरायनं पाह्यलं. हे लक्षात ठेवा.

दोनले दहा कमी असताना लाइट आली. मशीन पहिल्यापासून सुरू होऊन राह्यली होती. पण बॅटरीवरच्या लॅपटॉपात त्या चाळीस मिनिटांच्या चाळीस ओळी... बत्तीसही प्रोसेसर कामावर.

"काऊन रे," सर म्हणाले, "माणसायची नक्कल पुरली नाई, आता मशीनचीही करतो का?"

"सर, मी तं तुमच्यासमोर होतो."

"हो, माझीच नक्कल करत."

टेस्ट फेल. पुन्हा पहिल्यापासून. यावेळी सरायनं लॅपटॉप आपल्या कपाटात ठेवला, केबल अन् चार्जरची वायर फटीतून आत घेतली, कुलूप लावलं, चाबी खिशात.

या टेस्टच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मी डबाही उघडला नाई, मशीनपुढून हललो नाई. रूपाताई बाजूले साक्षीदार. लाइट गेली नाई, मशीन मस्त घरघरत होती. टेस्ट संपल्यावर सरायनं कपाट उघडलं. एक दहा ते एक पन्नास — एकही ओळ नाई. बाकी सगळ्या जागच्या जागी.

सर चाबीकडे पाहत राह्यले. मंग हळूच म्हणाले, "कसं केलं, ते तरी सांग."

ओळी जास्त झाल्या तं मी घातल्या, कमी पडल्या तं मी खाल्ल्या! कारण सरायले माहीत नाई, मलेही नाई, नोकरी मात्र माझीच कच्ची. वर्ध्यातल्या कोणाचीही नक्कल सांगा, करून दाखवतो... पण जे केलंच नाई त्याची कबुली मले कोणाच्याच आवाजात देता येत नाई.