चिंचेखालचे दिवे

निवृत्त झाल्यावर मी घरामागे बाग केली. बायको तेव्हाही म्हणायची, "बाग कसली, हौस आहे ही तुमची." आमचं घर धाराशिवात, गावाच्या कडेला. मागच्या जागेत एक जुनी चिंच होती, ती प्लॉट घेतला तेव्हापासूनची. तिच्याखाली मी हिरवळ लावली, फरशीचा छोटा ओटा केला, खुर्च्या आणल्या. उन्हाळ्यात आमच्याकडे नळाला कधी पाणी येईल सांगता येत नाही. हिरवळीसाठी मी टँकर मागवायचो. शेजारची बाई घागर घेऊन कुंपणापाशी उभी राहिली की मी पाइप बंद करून घरात जायचो. ती गेली की पुन्हा चालू करायचो.

दिव्यांची हौस त्याहून मोठी. सोलापूरला एका लग्नात झाडांना गुंडाळलेल्या दिव्यांच्या माळा मी पाहिल्या होत्या. तशा चार माळा आणून चिंचेला गुंडाळल्या. ओट्याच्या एका टोकाला लोखंडी पाइप रोवून त्यावर हॅलोजन बसवला. आमच्या भागात दिवसभर अंग भाजतं, पण सूर्य बुडाला की बालाघाटाच्या डोंगराकडून वारा सुटतो आणि तासभरात जीव थाऱ्यावर येतो. त्या वाऱ्याला चार माणसं आपल्या दारात बसलेली असावीत, बसताना त्यांनी वर झाडाकडे बघून वाहवा करावी, एवढीच माझी इच्छा. आयुष्यभर कचेरीत दुसऱ्यांच्या खुर्च्यांपुढे उभा राहिलेला माणूस मी. मला लोकांना बसवायची हौस होती.

त्या उन्हाळ्यात मी रोडग्यांचा बेत केला. अक्का आणि दाजी तेरखेड्याहून आले होते. अक्का माझी थोरली बहीण, दाजी तिचे यजमान. आमच्या मूळ गावाहून, ईटहून, धाकटा भाऊ आला, गोवऱ्यांचं पोतं घेऊनच. आमची शेती आणि आईवडिलांचं घर त्याच्याकडे आहे. विस्तवात भाजलेले कणकेचे रोडगे त्याच्यासारखे कुणाला जमत नाहीत. शेजारपाजारची पाचसहा माणसंही बोलावली होती.

बागेत पाऊल टाकताच धाकटा हसला. "आण्णा, ह्यो मांडव घातलाय व्हय? नवरी कुठं हाय?"

दाजी खुर्चीत बसत म्हणाले, "नवरी कशाला, तुमचा आण्णाच नवरदेव. बघा की, पायजम्याला इस्त्री हाय."

दाजींना उजेड कमी झाला की दिसत नसे. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकत आला होता, पण ऑपरेशनचं नाव काढलं की ते विषय बदलायचे. संध्याकाळी ते आवाजावर चालत. कोण कुठे बसलंय हे बोलण्यावरून ओळखत आणि बरोबर त्या बाजूला वळत.

धाकट्याने जाळ मागच्या भिंतीजवळ केला. चिंचेपासून चांगला लांब, उघड्यावर. गोवऱ्या रचल्या, पेटवल्या, धूर निघून जाऊ दिला आणि लाल विस्तव झाल्यावर त्यात रोडगे पुरले. मग काठी घेऊन तिथेच उकिडवा बसला. अक्का आणि माझी बायको स्वयंपाकघरात वांग्याच्या भाजीच्या मागे होत्या. दिवे लागले. चिंच खालपासून वरपर्यंत चमकू लागली आणि पाहुण्यांनी मला हवी होती ती वाहवा केली.

पण डास होते. हिरवळीला पाणी घातलेलं, तेव्हा ते असणारच. एकजण पायावर चापट मारत म्हणाला, "साहेब, बाग भारी आहे, पण तुमचे हे बाकीचे पाहुणे बसू देईनात." सगळे हसले. मला ते लागलं. मी उठलो, धाकट्याकडे जाऊन घमेलंभर विस्तव मागितला.

"कशाला वो आण्णा?"

"लिंबाचा पाला टाकतो. डास पळतील."

त्याने खोऱ्याने विस्तव काढून दिला. घमेलं मीच उचललं. आपल्याकडे डासांना कडुलिंबाच्या पाल्याचा धूर प्रत्येक घरात करतात, त्यात विचार करण्यासारखं काही नाही. म्हणूनच मी विचार केला नाही. कुंपणाजवळच्या कडुलिंबाच्या दोन ओल्या डहाळ्या मोडून घमेल्यात टाकल्या आणि घमेलं खुर्च्यांच्या मधोमध, चिंचेच्या बुंध्याशी ठेवलं. वारा नेमका तेव्हा पडला होता. जाड पांढरा धूर सरळ वर गेला.

वर आग्या मोहोळ होतं. ते असल्याचं मला माहीत होतं. फाल्गुनापासून होतं. इतक्या उंचावर होतं की त्याची आठवण राहत नसे. माळा गुंडाळणाऱ्या माणसाने ते दाखवलं, तेव्हा मी म्हणालो होतो, "तू खालच्या फांद्यांना लाव, त्यांच्या वाटेला जाऊ नको."

आधी आवाज आला. लांबून ट्रक चढाला लागावा तसा. मग कुणीतरी ओरडलं आणि खुर्च्या पडल्या. माणसं घराकडे पळाली, काही रस्त्याकडे. धाकट्याने खांद्यावरचा टॉवेल डोक्यावरून घेतला आणि तो भिंतीशी अंधारात आडवा पडला. माझी बायको मागच्या दारात आली. तिने दार अर्धं लोटून धरलं आणि आत येणाऱ्याला ओढून घेऊ लागली.

दाजी ओट्याच्या पायरीशी उभे होते. माळांचा उजेड त्यांना पुरत नव्हता. दोन्ही हात पुढे धरून ते म्हणत होते, "काय झालं? अरं, काय झालं?"

मी तेव्हा हॅलोजनच्या पाइपाजवळ होतो. त्यांना वाट दिसावी म्हणून मी बटण दाबलं. मला वाटलं, भरपूर उजेड झाला की सगळं आटोक्यात येईल. आणि मी हाक मारली, "दाजी, इकडं या. इकडं, उजेडात या."

ते आले. माझ्या आवाजावर, नेहमीसारखे, बरोबर वळून आले.

माशा उजेडावर येतात हे मला त्या क्षणी दिसलं. हॅलोजनची काच बघता बघता काळी झाली आणि दाजी तिच्याखाली उभे होते. त्यांच्यापर्यंत मी दोन ढांगांत पोचलो असतो. मी घराकडे पळालो. बायकोने मला आत ओढलं तेव्हा मी तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि तिने माझी हाक ऐकली होती हे मला कळलं. दाजींना आत आणलं ते धाकट्याने. भिंतीपासून धावत येऊन त्याने डोक्यावरचा टॉवेल त्यांच्यावर टाकला आणि उचलून आणलं. त्याचा स्वतःचा चेहरा पुढे आठवडाभर ओळखू येत नव्हता.

दाजी दुसऱ्या दिवशी दवाखान्यातच वारले.

तिथल्या व्हरांड्यात अक्का भिंतीला टेकून बसली होती. तिने मला विचारलं, "मी आत होते रं. मला कायबी दिसलं न्हाई. मोहोळ कशानं उठलं? कुनी केला जाळ?"

मी म्हणालो, "जाळ धाकट्यानं केला होता, अक्का."

या वाक्यात एकही शब्द खोटा नाही. गेली कित्येक वर्षं मी त्याच्या आडोशाला राहिलो आहे. जाळ त्यानेच केला होता. घमेलं, पाला, हॅलोजन आणि हाक यांबद्दल तिने विचारलं नव्हतं, म्हणून मी सांगितलं नाही.

तिला ते लगेच पटलं. तेरखेड्यात फटाक्यांचे कारखाने आहेत. त्या गावात माणसं जाळाला भिऊन असतात, चुलीतली ठिणगी उडाली तरी उठून बघतात. नवऱ्याचा जीव जाळाने घेतला हे तिच्या मनात असं बसलं, की दिवसकार्याला धाकटा आला तेव्हा तिने त्याला उंबऱ्याबाहेर थांबवलं. त्याचे डोळे अजून सुजलेले होते.

"तुज्या हौशेपायी माजं कुकू गेलं," ती म्हणाली. "आता ह्या दारात येऊ नको."

मी आत पाटावर बसलो होतो. उठलो नाही. धाकट्याने एकदा माझ्याकडे बघितलं, चपला घातल्या आणि तो एस.टी. स्टँडकडे चालत गेला.

त्यानंतर दर भाऊबीजेला मी तेरखेड्याला एकटा गेलो. अक्का मला ओवाळायची, कपाळाला कुंकू लावून डोक्यावर हात ठेवायची. धाकट्याच्या मुलीचं लग्न झालं तेव्हा आत्याच्या मानाची साडी त्याने माझ्याकरवी पाठवली. ती तिने घडीही न मोडता परत केली. बायको मला एकदाच बोलली. भाऊबीजेहून परतलो होतो. माझ्या कपाळाकडे बघत ती म्हणाली, "तुम्हाला हे पुसावंसं कसं वाटत नाही?"

मी ईटला जाऊन धाकट्याला म्हणालो होतो, अक्काला खरं सांगून टाकतो. गोठ्यात शेण भरता भरता तो म्हणाला, "राहू द्या आण्णा. तुमच्याकडं तरी येती ना ती? दोन्हीबी घरं तुटली तर तिला माहेर कुठलं ऱ्हायचं?"

मला हेच ऐकायचं होतं. ऐकून मी घरी आलो. त्याचा मोठेपणा मी माझ्या सोयीसाठी वापरला, आणि वर्षं गेली.

यंदा चैत्रात अक्काला भेटायला गेलो. ती आता फार थकली आहे. गुडघे वाकत नाहीत, भिंत धरून चालते. चहा पिताना तिने आपणहून ईटचा विषय काढला. आईच्या हातची कागदी लिंबाची झाडं आहेत का, विहिरीला पाणी असतं का, माजघरातली जात्याची जागा तशीच आहे का. मग म्हणाली, "एकदा बघावं वाटतंय रं. जायच्या आधी आईच्या घरात एक रात निजावं. पर त्याच्या दारात पाय ठिवायचा न्हाई म्हनलेय मी."

मी कप खाली ठेवला आणि सगळं सांगितलं. घमेलं कुणी उचललं, पाला कुणी टाकला, दिवा कुणी लावला, दाजींना हाक कुणी मारली. मी पळालो आणि धाकट्याने त्यांना आणलं, तेही. तिने सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं, आता ती मला उंबऱ्याबाहेर काढेल. तसं झालं असतं तर मी जन्मभर तिचा ऋणी राहिलो असतो.

तिने पदराने माझे डोळे पुसले.

"तू ल्हानपनापास्नं असाच," ती म्हणाली. "घागर त्यानं फोडायची आन मार तू खायाचा. आता येवढं मोठं पाप बी अंगावर घितोस व्हय?"

"अक्का, मी खरं सांगतोय."

"त्यानं पाठवलं ना तुला? घरी आन म्हनला आसंल."

"त्याला माहीतच नाही मी आलोय ते."

"मग तर तू देवच बाबा."

मी बायकोला फोन लावून दिला. बायकोने तिकडून सगळं तसंच सांगितलं, दारातून काय ऐकलं ते शब्दाला शब्द. अक्काने ऐकलं आणि फोन मला परत दिला. "ती काय, तुजीच बायको. तू म्हनशील तसं बोलनार." मग तिचा चेहरा कठीण झाला. "ह्या वयात थोरल्या भावाला खोटं बोलाया लावतो, आसला त्यो. आधी वाटत हुतं, मरताना तरी माफ करावं. आता त्येबी न्हाई."

मी जेवून निघालो. तिने मला दोन घास जास्तच वाढले.

त्या दिवशी घरी न येता मी सरळ ईटला गेलो. धाकटा पडवीत बाजेवर बसला होता. अक्काकडे जाऊन सांगून आलो म्हटल्यावर तो उभा राहिला. "काय म्हनली?"

त्याचे केस पांढरे झाले आहेत. डाव्या डोळ्याची पापणी त्या दिवसापासून थोडी खाली ओघळलेली आहे. तो माझ्या तोंडाकडे बघत होता. त्याला "आधी माफ करणार होती, तेही तुला आता मिळणार नाही, आणि ते माझ्यामुळे" हे कसं सांगायचं? मी म्हणालो, "बघते म्हणाली. यायचं मनात आहे तिच्या. ईटची फार आठवण काढत होती."

आठवण काढत होती, एवढं खरं होतं.

"आलं का मंग ध्यानात तिच्या!" तो म्हणाला आणि बायकोला हाका मारत आत गेला.

हे सगळं मी आता लिहून काढलं आहे, कारण तोंडाने सांगायला गेलो की माझ्याकडून दुसरंच काहीतरी होतं. अक्काला वाचता येत नाही. कुणी वाचून दाखवलं तर ती म्हणेल, बघा, भावासाठी छापूनसुद्धा आणलं. धाकटा मात्र वाचेल. बघते म्हणाली हे खोटं होतं, हेही त्याला इथेच कळेल. समोर उभं राहून सांगायची हिंमत मला अजून झालेली नाही.

काल त्याचा फोन आला होता. अक्काला खाली बसता येत नाही म्हणून त्याने घरात खुर्चीचा संडास बांधून घेतला. माजघराला चुना दिला. जात्याजवळ बाज टाकली आहे, बाज उंच व्हावी म्हणून तिच्या पायांखाली विटा लावल्या आहेत.

"कधी आनताव मग अक्काला?" त्याने विचारलं.

मी म्हणालो, "ऊन जरा उतरू दे."