एकादशीचा सामना

एकही सामना न खेळलेल्या संघाकडे किस्से कुठून येणार, असं तुम्हाला वाटेल. उलट आहे. मोजायला गोल नसले की माणसं किस्सेच जमवतात. ग्वाल्हेरच्या पहिल्या व्यावसायिक इनडोअर फुटबॉल संघाचा मी मॅनेजर होतो, माझ्याकडे पोतंभर आहेत.

संघ काढला मोहितेसरांनी. आयुष्यभर शाळेत पीटी शिकवून रिटायर झालेला माणूस. आपल्या गावात, आपल्या लोकांसमोर संघानं एकदा खेळावं, एवढंच त्यांना हवं होतं. लीगचा नियम कडक होता. घरचा पहिला सामना झाला नाही, तर संघ बाद.

*

गोलकीपर सोनू गावातल्याच हजीरा भागातला. मोबाईलच्या दुकानातली नोकरी सोडून आला. त्याची आई भांडायला आलीय असं वाटून मी दाराआड झालो. तिनं हॉल पाहिला आणि म्हणाली, "अंदर खेलेगा ना? चलो, लू तो नहीं लगेगी." संघाबद्दल इतकं चांगलं नंतर कोणी बोललं नाही.

*

जर्सी दिल्या सराफ्यातल्या एका सोनारानं. पाठीवर दुकानाचं नाव, पत्ता आणि 'मंगळवार बंद'. नंबराला जागाच उरली नाही.

सर म्हणाले, "नंबर कशाला? मी पोरांना नावानं ओळखतो."

*

हॉल शिंदे की छावनीतला, लग्नांचा. मालक म्हणाला, "चौमासे में शादी कहाँ? देव सो रहे हैं. खेलो. लगन शुरू होते ही खाली कर देना."

उद्घाटनाच्या पूजेला बोलावलेल्या गुरुजींनी नारळ मैदानाच्या मधोमध फोडायला सांगितला. सरांनी सगळा जीव लावून आपटला. नारळ साबूत, फरशी फुटली! तिथं चांगला खड्डा पडला. वर मॅट अंथरली, तरी सोनू कुरकुरायचा, "सर, इथे बॉल अपने आप वळतो."

*

सामन्याचा दिवस लीगनं आमच्यावर सोडला. गुरुजींनी मुहूर्त काढला, कार्तिकी एकादशी. आम्ही खूश. आपल्या मराठी लोकांत त्या दिवशी उपास, लग्नं तुळशीचं लागल्यावर. म्हणजे हॉल रिकामाच. पिढ्यान् पिढ्या ग्वाल्हेरात काढून आमच्यातल्या एकालाही आठवलं नाही, की इथे त्याच दिवशी देव उठतात आणि गावभर वराती निघतात. मालकाला विचारायचं कोणाला सुचलं नाही.

*

त्या संध्याकाळी जर्सी घालून पोचलो, तर फाटकाला झेंडूच्या माळा. एकानं आम्हाला हटकलं, "बँडवाले पीछे के गेट से."

मालक म्हणाला, "देवउठनी को हॉल कौन खाली रखता है, मास्साब? साल भर पहले की बुकिंग है."

भोपाळचा संघ बसमध्येच बसून राहिला. पंचांनी थोडी वाट पाहिली, मग संघ बाद झाल्याचं सांगून तेही गेले. सोनू ग्लव्ह्ज घालून भिंतीशी उभा होता. मला रडू आवरेना.

सर आत गेले, मी मागोमाग. आमच्या मैदानावर लाल गालिचा, बरोबर मधोमध मांडव, आणि चौरंग मांडत बसलेले आमचेच गुरुजी. ते मराठी आणि हिंदी, दोन्हीकडची लग्नं लावतात.

सरांना पाहून त्यांचा चेहरा खुलला. "म्हटलं नव्हतं, मोहितेसर? याच्यासारखा मुहूर्त वर्षात नाही."

सरांनी वाकून नमस्कार केला. मग पायानं गालिचा चाचपत म्हणाले, "गुरुजी, मांडव जरा डावीकडे घ्या. इथे खड्डा आहे, फेरे घेताना नवरीचा पाय मुरगळेल."