हमालकाकांच्या खांद्यावरची गाठ

मी तेव्हा पॅथॉलॉजी शिकत होते. मार्केट यार्डातले एक वयस्कर हमाल खांद्यावरची गाठ दाखवायला आले. भीतीपोटी त्यांनी वर्षभर कुणाला सांगितलंच नव्हतं. मी बारीक सुईने गाठीतला थोडा अंश ओढून काचपट्टीवर पसरला. तेलकट थेंब चमकले. सूक्ष्मदर्शकाखाली चरबीच्या फिकट, गोल पेशी एकमेकींना टेकून झोपल्यासारख्या दिसल्या. त्यांच्याकडे बघता बघता मी हरवूनच गेले.

"बाई, कॅन्सर हाय का?" त्यांनी दबकत विचारलं.

"नाही हो काका, साधी चरबीची गाठ आहे. बघायचीय?"

त्यांनी भिंगाला डोळा लावला. मग हळूच मान वर केली.

"लई शांत हाय की आत," ते म्हणाले आणि पुन्हा वाकून बघत राहिले.