पुष्पावतीचा रोजचा कबुलीजबाब

राहात्याच्या पुढं पेरूच्या बागा लागतात, तिथल्या एका वस्तीवर दोन जावा शेजारी-शेजारी राहतात. थोरली पुष्पावती, धाकटी चांगुणा. चुली वेगळ्या होऊन तीस वर्षं झाली, मधली भिंत मात्र एकच. त्या भिंतीपलीकडच्या बाईच्या तोंडून एक गोष्ट वदवून घ्यायची, एवढ्यासाठी चांगुणा म्हातारी झाली म्हणा ना.

गोष्ट पत्राची. चांगुणा सातवी पास होऊन सासरी आली होती. गावात अंगणवाडी निघाली तेव्हा तिनं अर्ज केला, मुलाखत दिली आणि पत्राची वाट बघत बसली. पत्र काही आलं नाही. महिन्यानं कळलं, बोलावूनही आली नाही म्हणून जागा दुसरीला दिली. पोस्टमन म्हणाला, "मी तर घरात बाईमाणसाच्या हातात दिलं." घरात बायका तीन. सासूबाईंना डोळ्यानं दिसत नव्हतं, चांगुणा स्वतः रानात होती. मग राहिली कोण? पण पुष्पावतीनं देवाची शपथ घेतली, आणि पुढं अडतीस वर्षं चांगुणानं भांडी जरा जोरात आपटली. दुसरं काय करणार होती?

गेल्या भाद्रपदात पुष्पावतीला ताप चढला, तो मेंदूत गेला. नगरच्या दवाखान्यात जीव वाचला, पण घरी आली ती चहाचा कप खाली ठेवून पाच मिनिटांनी म्हणायची, "आज चहा न्हाई का गं?" तिचा मुलगा गहिनीनाथ तिला पुन्हा नगरला घेऊन गेला, सोबतीला चांगुणा होती. डॉक्टरीणबाईंनी फोटो दाखवला. डोक्यात आत, दोन्ही कानांच्या बाजूला, करंगळीएवढा भाग असतो, त्याला हिप्पोकॅम्पस म्हणतात. नवीन आठवण आधी तिथं धरते आणि मग बाकीच्या मेंदूत मुरते. तापानं तोच भाग खाल्लाय.

"म्हणजे बाई, जुनं दही तसंच, नव्या दुधाला विरजणच न्हाई," चांगुणा म्हणाली.

डॉक्टरीणबाई हसल्या. "अगदी तसंच."

"जुनं समदं ध्यानात हाय न्हवं?"

"बरंचसं आहे."

येताना एसटीत गहिनीनाथ डोळे पुसत होता. चांगुणा खिडकीतून बाहेर बघत होती, आणि तिच्या मनात काय चाललं होतं ते कळलं असतं तर त्यानं तिला लोणीच्या फाट्यावरच उतरवलं असतं.

गहिनीनाथ दुधाचा टेम्पो चालवायचा. त्याची बायको मोनिका अंगणवाडी सेविका. हो, अंगणवाडीचीच. "काकी, दिवसभर आईंकडं बघाल का?" तिनं विचारलं, आणि त्या सरकारी साडीच्या निऱ्या सारख्या केल्या. "बघते की," चांगुणा म्हणाली.

पहिल्या दिवशी तिनं सरळ विचारलं, "आक्का, माजं पत्र तुमी काय केलं?"

"कुठलं पत्र? देवाशपथ, मला ठावं न्हाई."

दुसऱ्या दिवशी गोड बोलून विचारलं, तिसऱ्या दिवशी दरडावून, चौथ्या दिवशी रडून. उत्तर तेच. पण यात एक गंमत होती. पुष्पावतीला कालचं आठवत नव्हतं, चांगुणाला आठवत होतं. एक रोज नवी, दुसरी रोज शहाणी. नवव्या दिवशी चांगुणा गवार निवडता निवडता सहज म्हणाली, "पोस्टमन मरायच्या आदी मला समदं सांगून गेला, आक्का."

पुष्पावतीच्या हातातली शेंग तशीच राहिली. "काय सांगितलं त्यानं?"

"समदं."

"त्योच म्हनला, धाकटीला नोकरी लागली. मला कुठं वाचता येत हुतं? चुलवनात घातलं, त्यावरच मामंजींचं पानी तापवलं. तू इस्तरीची साडी नेसून खुर्चीत बसनार, आन् मी जलमभर शेन भरनार? लई जळफळ झाली गं माजी." आणि ती हुंदके देऊन रडायला लागली.

चांगुणाचं अंग हलकं झालं. त्या रात्री तिला मेल्यासारखी झोप लागली.

पण सकाळी पुष्पावती तशीच. "ये गं चांगुणे, चा घे." ओशाळं तोंड नाही, खाली मान नाही. चांगुणाला वाटलं, हे काय? माझी अडतीस वर्षं, आणि हिचं पाव तासात धुऊन मोकळं? तिनं पुन्हा पोस्टमन मारला. पुन्हा कबुली, पुन्हा रडं. मग रोजच. बाकीच्या बायका मालिका बघतात तशी चांगुणा दुपारी दोनला जावेला रडवायची. रडून झालं की पुष्पावती पदरानं डोळे पुसत विचारायची, "डोळ्यांत काय गेलं गं माज्या? सकाळपासनं जीव नुसता उडतोय." हे ऐकून चांगुणाला बरं वाटायचं. रडायचं कारण डोक्यातून गेलं, पण दुखणं तर राहतंय. अर्धं का होईना, वसूल होतंय.

दीड महिना झाला आणि पुष्पावतीनं चांगुणाच्या हातचं ताट घेणं बंद केलं. ताट पुढं आलं की हात मागं. "का वो आक्का?"

"काय की. नगं वाटतं."

रात्री मोनिकानं दिलं की दोन भाकरी खायची. चांगुणाला वाटलं, सोंग करतेय. रविवारी तेच ताट, तीच भाजी, मोनिकाच्या हातून दिली. खाल्ली. चांगुणानं हात पुढं केला. तोंड फिरवलं.

मोनिकानं डॉक्टरीणबाईंना फोन लावला आणि बोलून झाल्यावर चांगुणाकडं बघत राहिली. "त्या म्हणतात, भीतीचं ठिकाण वेगळं असतं, बदामाएवढं, तापानं खाल्लेल्या भागाला लागूनच. ते आईंचं शाबूत आहे. काय झालं ते त्यांना कळत नाही, पण कुणाकडून झालं ते त्यांचं अंग शिकलंय. काकी, तुम्ही काही बोलता का त्यांना?"

चांगुणानं खोटं बोलायचा विचार केला. मग सगळं सांगितलं, पत्रासकट. "त्यांनी वाईटच केलं," मोनिका म्हणाली. "पण काकी, दुपारचं त्यांना कोण घालणार? मी तिकडं चाळीस पोरांना खिचडी वाढत असते."

दुसऱ्या दिवसापासून चांगुणानं पोस्टमनला मेलेलाच राहू दिलं. माफ केलं असं समजू नका, तशी ती नाही. पण उपाशी मारायचं तिनं ठरवलं नव्हतं. वाटलं, विचारायचं थांबलं की विसरेल, सगळंच विसरते. अंग मात्र विसरेना. चांगुणा समोर बसून आपण आधी घास खायची, ताट मध्ये ठेवायची आणि भिंतीकडं बघत राहायची. चार दिवस काही नाही. दहाव्या दिवशी कांद्याची फोड तोंडात गेली. तिसऱ्या आठवड्यात पाव भाकरी.

मग एकदा हात ताटाजवळ आणून पुष्पावती थांबली. "चांगुणे, खरं सांग. तुजं काय वाईट केलंय का गं मी? तू दिसलीस की हात आपसूक मागं जातोय."

आजवर चांगुणाच विचारत आली होती. आज ही आपणहून विचारत होती. चांगुणाच्या ओठांवर सगळं आलं, चुलवणासकट.

"केलंय," ती म्हणाली. "लई वाईट केलंय. आदी जेवा, मग सांगते."

पुष्पावतीनं मान हलवली आणि भाकरी मोडली. पाव तासानं तिनं ताट पुसून घेतलं, वर आणखी आमटी मागितली.

चांगुणानं वाढली.