दोन काळ्या काचा

चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटीत माझं हार्डवेअरचं दुकान आहे. भागीदाराने फसवून बाहेर काढलं, तेव्हा हे एकट्याने उभं केलं. तो राग अजून उतरलेला नाही. कधीकधी गिऱ्हाइकावर निघतो.

एका दुपारी सत्तरीच्या एक बाई आल्या. वेल्डिंगची सगळ्यात काळी काच मागून घेतली, पायरीवर उभ्या राहून डोळ्यांसमोर धरली आणि सूर्याकडे पाहिलं. मग पदराने बोटांचे ठसे पुसत म्हणाल्या, "दोन दे रे. भाव नीट लाव."

"वेल्डरला एक पुरते, आजी," मी खेकसलो.

"वेल्डर कोण? मी आणि माझी लेक खग्रास ग्रहण बघायला परदेशी चाललोय."

पूर्वी असंच एक ग्रहण कारवारला, त्यांच्या सासरच्या घरावरूनच गेलं होतं. लेक तेव्हा पोटात होती. सासूने रीतीप्रमाणे खोलीत बसवून बाहेरून कडी लावली. भर दुपारी अंधार झाला, कोंबड्या खुराड्यात शिरल्या, आणि त्यांनी ते आतून नुसतं ऐकलं.

"सासूचा राग नाही आला?"

"आला ना! अजून आहे. म्हणून काय घरात बसू?"

मला ते झोंबलं. भागीदाराच्या गल्लीतून जाणंही मी सोडलं होतं.

"आणि तिकडे ढग आले तर?" मी मुद्दाम विचारलं.

काचा एकमेकींवर घासू नयेत अशा बेताने त्या रुमालात गुंडाळत होत्या.

"येऊ देत. या वेळी आम्ही दोघी दाराबाहेर तर असू."