मोठा सेकंद

आमच्या दर्यापूरच्या टायपिंग क्लासमधला सेकंद खऱ्या सेकंदापेक्षा मोठा होता. हे मला कळलं तेव्हा दादाची शेवटची परीक्षा होऊन गेली होती.

दादा कारकुनाच्या भरतीसाठी टायपिंग शिकत होता. वयाची अट त्याच वर्षी संपत होती. मी त्याच क्लासमध्ये व्हिज्युअल बेसिकमध्ये प्रोग्राम लिहायला शिकत होते, त्यामुळे गावाहून दोघं एकाच जीपमध्ये कोंबून जायचो. कापसावरचा भरवसा तेव्हा पार उडाला होता. गावात पांढऱ्या गाड्या शिरल्या की पुढारी सांत्वनाला आलेत हे कळायचं, कोणाच्या घरी एवढंच विचारायचं उरायचं. बाबा एकटे वावरात निघाले की दादा काहीतरी निमित्त काढून मागोमाग जायचा. कशासाठी, ते घरात कोणी बोलत नसे.

संध्याकाळी बाबांचा एकच प्रश्न असायचा, "स्पीड किती झाला?" उत्तर मीच द्यायचे, मोठ्या तोऱ्यात. आकडा चढत चढत पास व्हायला जेवढा लागतो त्याच्याही वर गेला. मग अकोल्याला परीक्षा झाली आणि दादा नापास झाला. वेळ संपली तेव्हा उतारा बराच उरला होता, म्हणाला. मी त्याला घाबरट म्हटलं.

पुढे क्लासच्या सरांनी मला सरावाच्या प्रोग्राममध्ये नवा उतारा टाकायला बसवलं. प्रोग्राम त्यांनीच लिहिलेला. आतून उघडला तर फॉर्मच्या, म्हणजे त्याच्या खिडकीच्या, कोपऱ्यात टायमरचं छोटं घड्याळ होतं. प्रोग्राम चालू झाला की ते दिसत नाही, पण आत बसून काम करत असतं. ठरवलेले मिलिसेकंद भरले की स्क्रीनवरचा एक सेकंद कमी करायचा, एवढंच त्याचं काम. तिथे हजार हवे होते. सरांनी बाराशे टाकले होते. म्हणजे दहा मिनिटं समजून मुलं बारा मिनिटं टाइप करत होती, आणि स्पीड मात्र दहाच्या हिशेबाने निघत होता.

माझं डोकंच फिरलं. सरांना विचारलं तर ते खुर्चीतून हललेही नाहीत.

"खरा स्पीड दाखोला त पोट्टे आठ दिवसात पळून जातेत. हिंमत वाढावी म्हनून केलं."

हिंमत म्हणे! मी तिथल्या तिथे हजार केले. दुसऱ्या दिवशी सगळ्यांचे आकडे कोसळले, एक मुलगी रडत उठून गेली, आणि सरांनी पुन्हा बाराशे केले. मी क्लास सोडला.

दादाला सांगितलं तेव्हा सकाळ होती. बाबा नुकतेच वावराकडे निघाले होते आणि दादा चपला घालत होता. मला वाटलं, हा आता सरळ जाऊन सरांची गचांडी धरणार.

"मले मालूम होतं," तो म्हणाला.

"तुले? कसं काय?"

"माह्या हातात घडी नव्हती काय?"

"मंग बोलला काहून नाई?" मी ओरडलेच.

"बोलून काय होत होतं? बोटं तितकीच चालत होती." तो दारापर्यंत गेला आणि थांबला. "तू घरी येऊन सांगे ना, स्पीड वाढला म्हनून. त्याच्या दुसऱ्या दिवशी मले बाबाच्या मांगं जा लागत नव्हतं."