गायरानाची तहकूब सभा

इंदापूरच्या कचेरीबाहेर टेबल टाकून मी वीसेक वर्षं लोकांचे अर्ज लिहिले. त्या धंद्यानं मला एक खोड लावली. कागद हातात आला की आधी मी त्यातली लबाडी शोधतो. बायको म्हणते, "लग्नाची पत्रिका तरी नुसती वाचत जावा." टेबल आवरून सुप्याजवळच्या आमच्या गावी परत आलो, तेव्हा ही खोडही सोबत आली.

गावाच्या वरच्या अंगाला गायरान आहे, मोठा माळ आणि त्यात एक खडकाळ टेकडी. आमच्या भावकीत एकेकाळी सगळेच मेंढरं राखायचे. आता एकटे माझे चुलते राखतात, त्यांना सारं गाव आबा म्हणतं. त्यांच्या तुकड्याला पाणी पोचत नाही, त्यामुळं ऊस नाही. मेंढरं जगतात ती त्या माळावर आणि आबा जगतात ते मेंढरांवर. टेकडीचा दगड खडीला चांगला आहे हे कुणाच्या तरी ध्यानात आलं, आणि परक्या गाड्या टेकडीभोवती फिरू लागल्या. त्याच सुमाराला बातमी आली, की गायरानाचा तुकडा दगडखाणीला भाड्यानं देता यावा म्हणून विधेयक येतंय.

मी त्याची प्रत मिळवली आणि लाल पेन घेऊन बसलो. आत एक अट होती: ग्रामसभेनं ठराव करून होकार दिला तरच खाण. आनंद व्हायला हवा होता. मला वाटलं, हिच्या पोटात काहीतरी आहे. विधानसभेत गोंधळ चालू असतानाच विधेयक आवाजी मतदानानं मंजूर झालं. मी मोबाइलवर बघत होतो, पण 'होय' कुणाचं आणि 'नाही' कुणाचं, काही उमगलं नाही. आता वरच्या सभागृहात अट गळणार, असं मी आबांना छातीठोकपणे सांगितलं. विधान परिषद झाली, अट जागेवर. राज्यपालांची सही झाली, तरी अट जागेवर. राजपत्रात कायदा छापून आला तेव्हा मी दोन्ही कागद शेजारी ठेवून ओळीवर बोट फिरवत वाचले. स्वल्पविरामही हललेला नव्हता.

"मग झालं की," आबा म्हणाले. "गाव न्हाय म्हणंल. मिटलं."

"आबा, इतकं सरळ कधी काय असतं का?"

"तुला डांबरी रस्त्यावर बी खड्डाच दिसतो," ते म्हणाले आणि मेंढरांमागं गेले.

महिन्याभरात ग्रामसभेची नोटीस लागली. विषय एकच, टेकडी खाणीला देण्याबाबत. तेव्हा मला फट सापडली. आमच्याकडं सभेला आलं की आधी वहीत हजेरीची सही करायची, मग बसायचं, अशी रीत आहे. ठराव त्याच वहीत मागाहून लिहिला जातो. खाली गावाच्या सह्या आणि वर ठरावाला मोकळी जागा, असे कागद मी इंदापुरात डोळ्यांनी पाहिले होते. मी घरोघर फिरलो. सभेला या, तोंडानं विरोध करा, पण वहीला हात लावू नका, असं बजावलं. लोकांना पटलं. संशय पटवायला आमच्याकडं फार बोलावं लागत नाही.

सभेच्या दिवशी शाळेपुढचं पटांगण भरलं. दारात ग्रामसेवक वही घेऊन बसला होता. नवीनच बदलून आलेला, मोजकं बोलणारा माणूस. "सह्या करा, तात्या," तो मला म्हणाला. "सह्या न्हाईत तर कागदावर माणसंच न्हाईत. मला सभा धरता येणार न्हाय."

"वर काय लिहिणार ते आधी दाखवा," मी म्हणालो.

"वर रेघ मारून देतो की. तुमच्या म्होरंच."

त्यानं खरंच रेघ मारली. मला तीही खोटी वाटली. माझ्यामागं आबा होते, त्यांनी पेन उचललं होतं. मी त्यांच्या हातातून ते काढून घेतलं आणि वहीवर ठेवलं. कुणीच सही केली नाही. ग्रामसेवकानं तासभर वाट पाहिली, मग गणपूर्ती झाली नाही म्हणून सभा तहकूब केल्याचं सांगितलं. पुढची तारीखही त्यानं सांगितली, पण टाळ्यांत ती कुणी ऐकली नाही. लोकांनी मला चहाला नेलं. त्या दिवशी मी फार खूश होतो.

तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. असतील तेवढ्या माणसांत ठराव होतो. हे मला कधीतरी माहीत होतं, इंदापुरात एका अर्जात मीच लिहिलं होतं. आठवलं ते ठराव झाल्यावर. फळ्यावर नोटीस लागली होती, पण विषय मेला म्हणून कुणी फळ्याकडं पाहिलं नाही. तहकूब सभेच्या सकाळी खाणीवाल्यांची बाजू घेणारी दहा-बारा माणसं गेली, सह्या केल्या, हात वर केले. वही मी नंतर मागून पाहिली, एक अक्षर खोटं नव्हतं. पहिल्या सभेच्या पानावर ग्रामसेवकाची रेघ होती आणि खाली सगळं कोरं होतं. भरल्या पटांगणातल्या माणसांनी नुसत्या सह्या केल्या असत्या, तर तो विषय त्याच दिवशी पडला असता. साप म्हणून मी भुई धोपटत बसलो होतो.

आता टेकडीला सुरुंग लागतात. पहिल्या आवाजाला मेंढरं उधळून पार ओढ्यात गेली. आठ दिवसांनी आबांनी ती विकायला काढली. टेम्पोत चढवायला मी मदतीला होतो. गावात सगळे म्हणतात, ग्रामसेवकानं घात केला, आधीपासून ठरवून केला. चावडीवर त्याच्याशी कुणी बोलत नाही. खरं काय झालं ते त्याला माहीत आहे आणि मला.

टेम्पो गेल्यावर आबा मेंढरं कोंडायच्या जाळीच्या रिकाम्या वाघरीपाशी उभे राहिले. मी बोलायला तोंड उघडलं होतं, सगळं सांगून टाकायचं ठरवूनच आलो होतो. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"त्या मानसानं डाव साधला बघ," ते म्हणाले. "तू एकला शेवटपतूर आमच्या बाजूनं हुतास."

मी म्हणालो, "व्हय, आबा."